महापौरबाईंची ओटी

माझा मुलगा दुबईत नेमकं काय विकतो, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळल्यावर वाटलं, नसतं कळलं तरी चाललं असतं. एखाद्या महानगरपालिकेला पाण्याची टाकी बांधायची असते, गटारं घालायची असतात, आणि तिजोरीत खडखडाट असतो. मग ती रोखे काढते. लोकांनी ते विकत घ्यायचे आणि पालिकेनं त्यांना वर्षानुवर्षं व्याज द्यायचं. हे रोखे गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायला मध्ये एक कंपनी लागते. मुलाची कंपनी तसली. मूळ अमेरिकेतली, आणि दुबईत काचेच्या इमारतीत तिचं ऑफिस.

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्याला म्हटलं, "म्हणजे तू दलाल."

"आई, इन्व्हेस्टमेंट बँकर म्हणतात."

"म्हणत असतील. मंडईतला अडत्याही पाटीवर कमिशन एजंट लिहितो."

त्याला राग आला. त्याला माझ्या बोलण्याचा नेहमीच राग यायचा, पण मी केलेल्या भाकरीचा कधी आला नाही. माझा नवरा वारल्यावर मुलानं मला दुबईतल्या अल मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये आणलं. आईची आबाळ होऊ नये म्हणून आणलं, असं तो लोकांना सांगायचा. खरी गोष्ट अशी की सूनबाईला एका ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी लागली होती, आणि नात शाळेतून आली की तिला गरम खायला घालायला घरात माणूस हवं होतं. मोलकरीण महाग होती, आई स्वस्त होती. मी तक्रार करत नाही. गावात एकटी बसून तरी मी काय करणार होते?

दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्याच शहराच्या महानगरपालिकेनं पाण्याच्या योजनेसाठी रोखे काढायचं ठरवलं. मी जन्मभर जिथे पहाटे उठून नळाखाली हंडा लावला आणि निम्मा भरला की पाणी गेलेलं पाहिलं, ते हे शहर. मुलगा आनंदानं नाचायचा बाकी होता. त्याचे मोठे साहेब दिल्लीकडचे. त्यांनाही वाटलं, आपला माणूस त्याच गावचा, म्हणजे काम खिशात.

पण त्यांच्या कंपनीचा एक नियम होता. अमेरिकेत तो सगळ्याच रोखेवाल्यांना लागू होता, आणि कंपनीनं तो बाहेरच्या ऑफिसांनाही लावला होता. रोख्यांचं काम कुणाला द्यायचं हे ज्यांच्या हातात असतं, त्या पुढाऱ्यांना कंपनीच्या माणसानं निवडणुकीसाठी काही द्यायचं नाही. दिलं, तर त्या शहराचं काम कंपनीला दोन वर्षं करता येणार नाही. तुमचं स्वतःचं मत त्या शहरात असेल तर किरकोळ रक्कम चालते. मुलाचं नाव मतदार यादीतून कधीच उडालेलं, म्हणून त्याला तीही सूट नाही. आणि बायकोच्या हातून दिलं तरी ते त्याचंच धरणार.

मुलानं हे मला जेवताना समजावून सांगितलं, जणू काही वेदच सांगतोय. मी म्हटलं, "म्हणजे काम मिळवण्यासाठी लाच देऊ नका, एवढंच ना?"

"इतकं साधं नाही ते."

"साधंच आहे. एवढं सांगायला अमेरिका लागली तुम्हाला."

नियम वाईट नव्हता. माझं वाकडं होतं ते तो पाळणाऱ्यांशी.

दुबईत थंडी पडली की आपल्याकडचे पुढारी यायचे. अभ्यास दौरा म्हणायचे त्याला. इथे कचरा कसा उचलतात, गटारं कशी साफ करतात, ते बघायला सरकारी खर्चानं यायचे आणि सोन्याच्या बाजारात दिसायचे. मग आमच्या गावच्या लोकांचं जे मंडळ होतं, ते त्यांचा सत्कार करायचं. शाल, श्रीफळ, दोन तास भाषणं, वर बासुंदी. त्या वर्षी आमच्या महापौरबाई येणार होत्या. जागा बायकांसाठी राखीव झाली, म्हणून नवऱ्यानं बायकोला उभं केलं होतं. कारभार सगळा नवऱ्याचा. पुढे निवडणूक होती, म्हणून मंडळानं यंदा शालीबरोबर थैलीही द्यायचं ठरवलं.

मुलानं वर्गणी द्यायला नकार दिला. कंपनीचा नियम सांगितला. मंडळाचा खजिनदार भर सभेत म्हणाला, "अहो साहेब, गावच्या कामाला अमेरिकेचा कायदा आडवा येतो होय?"

मागून कुणी तरी म्हणालं, "अमेरिका कशाला येतेय? खिसाच शिवून घेतलाय त्यांनी."

सगळे हसले. मुलगा मान खाली घालून घरी आला. त्याचं एवढं काही बिघडलं नाही, पण सूनबाईचं बिघडलं. ते हळदीकुंकवाचे दिवस होते. मंडळातल्या दोन-तीन घरची आमंत्रणं तिला आलीच नाहीत. ती दोन दिवस भांडी आपटत होती. तिचं माहेर आमच्याच शहरातलं, महापौरबाईंच्या गल्लीच्या मागच्या गल्लीतलं. तिनं परस्पर हॉटेलवर फोन लावला आणि महापौरबाईंना हळदीकुंकवाला घरी यायचं आमंत्रण दिलं.

मुलगा म्हणाला, "अगं, असं करायचं नसतं."

"चहा द्यायलाही तुमच्या कंपनीची बंदी आहे का?"

चहाला बंदी नव्हती.

त्या दिवशी सूनबाईनं ओटीचं ताट मांडलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. सगळं नीट होतं. मग कपाटातून तिनं सोन्याची गिनी काढून खणावर ठेवली.

मी म्हटलं, "हे काय?"

"ओटीत काही तरी ठेवतात ना, आई."

"पाच रुपये ठेवतात."

"दुबईत राहून पाच रुपये? अडीचशे दिरहमचं तर आहे, तीन हजार रुपये झाले. खजिनदाराच्या बायकोला कळू दे, आम्ही काय आहोत ते."

तिला खजिनदाराच्या बायकोला दाखवायचं होतं. महापौरबाई निमित्ताला होत्या. मी जास्त बोलले नाही, कारण बोलून उपयोग झाला असता तर मुलगा आधीच बोलला असता. त्यानं गिनी पाहिली होती. पाहून तो दुसऱ्या खोलीत टाय नीट करायला गेला.

मी विधवा, म्हणून ओटी भरताना मला बाहेर बसायचं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसले. तिथून सगळं दिसत होतं. महापौरबाई चाळिशीच्या, अंगानं बारीक, फारसं न बोलणाऱ्या. त्यांचा नवरा सोफ्यावर असा बसला होता की शेजारी दुसरं माणूस बसू नये. सफारी घातलेला, हातात दोन अंगठ्या. सूनबाईनं कुंकू लावलं, ओटी भरली. बाईंनी पदर पसरून घेतली. नवऱ्याला सोनं दिसलं. तो म्हणाला, "बघू."

बायकोच्या पदरात हात घालून त्यानं गिनी उचलली. तळहातावर उडवून वजन पाहिलं आणि सफारीच्या खिशात टाकली. मी आयुष्यात खूप लोभी माणसं पाहिली, पण सवाष्णीच्या ओटीतून, तेही अजून ती उठली नसताना, काढून घेणारा हा एकच.

"वा, वहिनी!" तो म्हणाला. "मंडळाची थैली राहू द्या बाजूला. निवडणुकीच्या खर्चाला पहिलं सोनं तुमच्या घरून आलं. शकुन झाला!"

माझा मुलगा त्याच वेळी बोलला असता, की साहेब, हे निवडणुकीचं नाही, बाईंना ओटीत दिलेलं आहे, तर पुढचं काहीच झालं नसतं. तो हसला आणि समोशांची बशी पुढे करत म्हणाला, "घ्या ना, अजून एक घ्या."

दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्या दोघांना खाडीतल्या मोठ्या बोटीवर जेवायला नेलं. नियमात जेवण बसत होतं. बोट बसत होती, हॉटेलची खोली बसत होती, वाळवंटातली गाडीची सफर बसत होती. त्याला पाहुणचार म्हणायचं. गिनी तेवढी बसत नव्हती. आणि जेवता जेवता त्या शहाण्यानं मोठ्या साहेबांना कौतुकानं सांगितलं, "तुमचा माणूस गुणी हं! त्यानं घरून सोनं दिलं इलेक्शनला. तुम्ही नुसतंच जेवायला घालता!"

टेबलाभोवती ऑफिसची आणखी माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. आता ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं. मोठ्या साहेबांना कंपनीच्या लंडनच्या ऑफिसला कळवावं लागलं. तिथे एक बाई होती, तिचं कामच हे, की कंपनीत कोण नियम मोडतो ते बघायचं.

मुलगा घरी आला तो पांढराफटक. नोकरी गेली की व्हिसा गेला. व्हिसा गेला की महिन्याभरात सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. नातीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. ती बारा महिने राबली होती. तिला मधूनच उचलून कुठल्या शाळेत घालणार? सूनबाई रडायला लागली. मुलगा तिला म्हणाला, "तुझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "तुम्ही का नाही बोललात?" दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण बराच वेळ चाललं.

संध्याकाळी मोठे साहेब मिठाईचा डबा घेऊन आले. मला वाकून नमस्कार केला. एरवी मी दार उघडलं तर माझ्याकडे न बघता आत जाणारा माणूस.

"माताजी," ते म्हणाले, "लंडन से फोन आएगा. आप बस इतना बोलना, आपके यहाँ ओटी में सोना देने का रिवाज है. धरम की बात है. खलास."

मुलगा म्हणाला, "आई, तू मोठी आहेस. तुझ्या शब्दाला वजन येईल."

इतकी वर्षं माझ्या शब्दाला आमटीतल्या कढीपत्त्याएवढी किंमत नव्हती. त्या दिवशी एकदम वजन आलं.

मी मुलाला म्हटलं, "तुमच्या लंडनच्या ऑफिसात एकही मराठी पोरगी नाही?"

"आहे. एक पुण्याची आहे."

"तिला विचारलं तर ती काय सांगेल? ओटीत सोनं घालतात म्हणून? हसेल ती. आणि त्या मेल्यानं निवडणुकीचं नाव घेतलंय, तेही टेबलभर लोकांसमोर. दोन दिवस टिकेल असं तरी खोटं शोधायचं होतं."

मला खोटं बोलायची लाज वाटते असं नाही. नवऱ्याच्या दुखण्यात उधारीवाल्यांना मी हवं ते सांगितलंय. पण हे खोटं सांगून मुलगा दुप्पट बुडला असता, हे मोठ्या साहेबांना कळत होतं. बुडणारा त्यांचा मुलगा नव्हता, म्हणून त्यांना चालत होतं.

फोन वाजला. मुलानं स्पीकर लावला. मला इंग्रजी येत नाही, म्हणून नात मध्ये बसली. लंडनची बाई काही तरी बोलली.

नात म्हणाली, "आज्जी, शी'ज आस्किंग, ओटीमध्ये गोल्ड देणं नॉर्मल आहे का?"

"सांग, नॉर्मल पाच रुपये."

मोठ्या साहेबांनी कपाळाला हात लावला. नातीनं सांगितलं.

"आता विचारतेय, मग मम्मीनं का दिलं?"

"मंडळातल्या बायका नाकं मुरडतात म्हणून. तुझ्या मम्मीला त्यांची जिरवायची होती. त्या बाईंकडून तिला काही नको होतं."

"आज्जी! आय कान्ट से दॅट!"

"सांग. बाई आहे ना ती? समजेल तिला."

नातीनं मान खाली घालून सांगितलं. मग ती लंडनची बाई बरंच बोलली आणि मुलगा जरा सरळ बसला. नियमात एक वाट होती. अजून कशावर सही झालेली नाही, रक्कम लहान आहे, तेव्हा दिलेलं लगेच परत मिळालं तर प्रकरण मिटवता येईल. नाही मिळालं, तर कंपनीनं काम सोडायचं, आणि मुलाला ठेवता येणार नाही.

फोन ठेवला. महापौरबाईंचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं.

"म्हणजे ओटी परत मागायची?" मुलगा म्हणाला.

सूनबाई ओरडली, "सवाष्णीची ओटी परत मागितली तर माझ्या घराचं काय होईल? मी नाही जाणार."

मोठे साहेब म्हणाले, "कंपनी की तरफ से जाना ठीक नहीं लगेगा." मग मुलाकडे पाहून म्हणाले, "तुम देख लो. इन्शाल्ला हो जाएगा." आणि निघाले. मिठाईचा डबा मात्र ठेवून गेले.

मुलगा माझ्याकडे बघत बसला. तोंडानं विचारायची हिंमत नव्हती.

"सकाळी सोड मला हॉटेलवर," मी म्हटलं.

सकाळी त्यानं सोडलं, पण हॉटेलच्या दारापर्यंत नाही. अलीकडच्या चौकात गाडी थांबवली आणि म्हणाला, "पुढे पार्किंग मिळत नाही, आई." मी उतरले. पुढे गाड्या लावायला हवी तेवढी जागा होती.

खोलीचं दार नवऱ्यानं उघडलं. आत पलंगभर सामान पसरलेलं. मिक्सर, सेंटच्या बाटल्या, घोंगड्यांएवढी ब्लँकेटं. अभ्यास बराच झालेला दिसत होता. बाई खाली बसून बॅगा भरत होत्या.

"या, मावशी. काय पाठवलं सूनबाईंनी?" तो म्हणाला. त्याला वाटलं, मी आणखी काही घेऊन आले.

"पाठवलं काही नाही. न्यायला आले. ती गिनी द्या."

तो हसायला लागला. "ओटी कुणी परत मागतं का, मावशी? चाली-रीती विसरलात दुबईत येऊन?"

"ओटी नाही मागत. खण, नारळ, तांदूळ बाईंचे. ते त्यांनी जन्मभर ठेवावे. तुम्ही निवडणुकीच्या खर्चाला म्हणून जे खिशात घातलंत, तेवढं मागते. ओटीतलं सोनं असतं तर ते बाईंच्या पदरात राहिलं असतं. ते तुमच्या खिशात गेलं आणि माझ्या मुलाची नोकरी त्यापायी जातेय."

"त्याच्या नोकरीचं मला काय सांगता? एवढी भिकारडी माणसं असतील तर तुमच्या त्या कंपनीला पाण्याचं काम मिळायचं नाही, सांगून ठेवतो."

"तुमचं काम तुम्ही कुणालाही द्या. मी गिनीसाठी आले."

तो काही तरी बोलणार, तेवढ्यात बाई बॅगेची चेन लावता लावता म्हणाल्या, "देऊन टाका."

"तू गप्प बस. तुला काय कळतं यातलं?"

"कळत नाही तर सह्या कशाला घेता माझ्या?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "माझ्या ओटीतून उचलताना विचारलं होतंत? द्या त्यांना."

त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परक्या बाईसमोर बायकोवर आणखी ओरडावं की नाही, एवढाच विचार तो करत असावा. मग खिशातून गिनी काढून ब्लँकेटांवर फेकली. मी उचलली. बाईंनी हे माझ्यासाठी केलं असं मी मानत नाही. साक्षीदारासमोर नवऱ्याला एकदा सुनवायची संधी आली, ती त्यांनी घेतली. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि पुढची बॅग ओढली.

चौकात मुलगा गाडीत एसी लावून बसला होता.

"मिळाली?" त्यानं विचारलं.

मी गिनी त्याच्या हातात दिली. आत काय झालं, कुणी काय बोललं, त्यानं विचारलं नाही. त्यानं लगेच मोठ्या साहेबांना मोबाइल लावला आणि म्हणाला, "डन, सर."

लंडननं प्रकरण मिटवलं. पाण्याचं काम मुंबईच्या दुसऱ्याच कुठल्या कंपनीला गेलं. सूनबाई बरेच महिने माझ्याशी लागेल तेवढंच बोलली. घरात कुणाला साधा ताप आला तरी ती माझ्याकडे बघायची, जणू ओटी परत आणल्याचं पाप बाधतंय. नात दहावीच्या परीक्षेला त्याच शाळेतून बसली आणि चांगल्या मार्कांनी पास झाली. मुलाची नोकरी राहिली. इतकंच नाही, कंपनीनं त्याला बढती दिली. नव्या पोरांना तोच नियम शिकवायला आता त्याला बोलवायचे. ज्याच्या घरात नियम मोडला, त्याला अनुभव आहे म्हणे.

पुढे दोन वर्षांनी घरी पाहुणे जेवायला होते, मंडळातलेच. खजिनदार आणि त्याची बायकोही होती. सगळं विसरून परत जाणं-येणं सुरू झालं होतं. जेवता जेवता मुलानं ती गोष्ट काढली.

"मी म्हटलं, जे होईल ते होवो, तत्त्व म्हणजे तत्त्व. सरळ हॉटेलवर गेलो. महापौराच्या नवऱ्याला तोंडावर सांगितलं, साहेब, हे आमच्या नियमात बसत नाही, परत करा."

खजिनदार म्हणाला, "धाडस लागतं हो."

"लागतंच," मुलगा म्हणाला.

नात तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. तिनं घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "बट डॅड, आज्जी तर..."

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि पोळ्या वाढायला उठले. तिची फी त्याच पगारातून जात होती, आणि अजून तीन वर्षं जायची होती.